तेरड्याची परागनलिका : रामबागेतल्या घरी केलेल्या कामाच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

एक पेशी आपली एक बाजू निवडते आणि त्याच बाजूने लांब होत जाते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, एवढाच या कामाचा हेतू आहे. त्यासाठी परागकण निवडला, कारण रुजताना त्याच्यातून एक नळी, म्हणजे परागनलिका, निघून लांब होत जाते. शिवाय तो फुकट मिळतो, त्याला निर्जंतुक खोली लागत नाही आणि बारावीच्या पुस्तकातही तो प्रयोग दिलेला आहे : सुमारे १० टक्के साखरेच्या थेंबावर पराग झटकावा आणि १५ ते ३० मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. मी व्यवसायाने हिशेबनीस असून माझे जीवशास्त्र बारावीनंतर सुटले. इंदूरमध्ये किंवा अन्यत्र कोणाला हेच घरी करायचे असेल तर त्यांचे माझ्याएवढे रविवार वाया जाऊ नयेत, म्हणून झालेल्या चुकांसह या नोंदी ठेवत आहे.

खर्च असा : जुना, आरशाचा विद्यार्थी सूक्ष्मदर्शक ३,२०० रुपये, दवाबाजारातून स्लाइडची पेटी १२० आणि कव्हरस्लिपची डबी ६० रुपये. आरशावर टेबलाचा एलईडी दिवा टाकला की काम भागते. जुन्या पिवळ्या बल्बने थेंब दहा मिनिटांत कोमट होतो, तो वापरू नये.

पहिले फूल जास्वंदीचे घेतले, कारण तिचे परागकण इतके मोठे आणि काटेरी असतात की नुसत्या १० पट भिंगाखालीही डोळा भरून दिसतात. दोन तासांनी ते तसेच देखणे होते. एकालाही नळी फुटलेली नव्हती, आणि कडेचे काही कण फुटून त्यांच्यातून दाणेदार रस बाहेर आलेला होता.

६ ऑगस्ट, बुधवार

काल झेंडू लावून पाहिला, निकाल शून्य. शेवटी समोरच्या इमारतीतल्या काकूंकडे गेलो. त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात तीस वर्षे घालवली आहेत. माझी स्लाइड त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिली आणि म्हणाल्या, “अरे, तू फूल बघून निवडतोस. पराग बघून निवड.”

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ असा की झेंडूच्या कुळात पराग झाडावरून सुटतानाच त्याच्या आत तीन पेशी तयार झालेल्या असतात, आणि असा पराग अल्पायुषी असून काचेवर सहसा रुजत नाही. ज्या परागात सुटताना दोनच पेशी असतात, तो जास्त सोशिक असतो. जास्वंद तर कॉलेजातदेखील दर वर्षी रुसायची, असे त्या म्हणाल्या. त्यांनी सदाफुली किंवा तेरडा घ्यायला सांगितले, आणि पावसाळा असल्यामुळे तेरडाच. काकूंचे माहेर रत्नागिरीचे. “आमच्याकडे तर तेरड्याचीच गौर बसते,” असे म्हणून त्यांनी आपल्या गॅलरीतली कुंडी दाखवली.

१० ऑगस्ट, रविवार

सकाळी तेरड्याची आठ फुले आणली आणि त्यांतली सहा वाया गेली. तेरड्याच्या फुलात पाच परागकोश एकमेकांना चिकटून एक पांढरी टोपी तयार होते, आणि ती टोपी स्त्रीकेसराच्या टोकावर घट्ट बसलेली असते. पराग तिच्यातून बाहेर पडतो. दोनेक दिवसांनी टोपी गळून पडते, मग खालचा स्त्रीकेसर उघडा होतो आणि फुलाची मादी अवस्था सुरू होते. मी मोठी, पूर्ण उमललेली म्हणून जी फुले निवडली होती, त्यांच्या टोप्या केव्हाच गळालेल्या होत्या. म्हणून फूल नुकते उमललेले घ्यावे, आत पांढरी टोपी आहे ना हे पाहावे, आणि रोपवाटिकेतला गुलाबासारखा भरगच्च दुहेरी तेरडा टाळावा, कारण त्यात पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात.

टाचणीने टोपी उचलून थेंबाला हलकेच टेकवली. तेरड्याचा परागकण वरून पाहिला तर जवळजवळ आयताकृती, कोपरे गोल केलेल्या विटेसारखा दिसतो, आणि त्याची चार दारे, म्हणजे नळी बाहेर पडण्याच्या जागा, त्या चार कोपऱ्यांवर असतात. बहुतेक द्विदल झाडांच्या परागाला तीन दारे असतात आणि गवतांच्या परागाला एक. येथे चार आहेत, म्हणजे पेशीला चारांतून एक निवडायचे आहे, आणि मला पाहायचे होते ते नेमके हेच.

आरओच्या पाण्यातल्या १० टक्के साखरेत शेकड्याने कण होते, त्यांत अर्ध्या तासाने तीन आखूड नळ्या मोजल्या. बाकीच्यांपैकी पुष्कळ फुटलेले. साखर १५ टक्के केल्यावर फुटणे कमी झाले, पण नळ्या वाढल्या नाहीत. फुटणे ही पाण्याची करामत आहे. आत विरघळलेले पदार्थ बाहेरपेक्षा जास्त असले की पाणी आत शिरते आणि कोवळी भिंत ते पेलू शकत नाही. साखर ते शिरणे आवरते, पण भिंत बांधणे हे तिचे काम नव्हे, हे मला अजून कळायचे होते.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

परागाला बोरॉन लागते असे वाचले होते आणि कॅरमची पावडर म्हणजे बोरिक ॲसिड हे लहानपणापासून ठाऊक होते, म्हणून घरातलीच डबी उघडली. ती पाण्यात नीट विरघळली नाही. खाली पांढरा गाळ बसला आणि स्लाइडभर असे कण पसरले की पराग कोणता आणि पावडर कोणती हे ओळखणे कठीण झाले. कॅरमच्या सगळ्याच पावडरी शुद्ध बोरिकच्या नसतात. सुट्टीचा अख्खा दिवस त्यात गेला. संध्याकाळी औषधाच्या दुकानातून २५ रुपयांची बोरिक पावडर आणली.

बोरिक हवे होते १०० भाग प्रतिदशलक्ष, म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ०.०१ ग्रॅम, आणि एवढे वजन सोनारी खिशातल्या काट्यावर (४५० रुपये) मोजता येत नाही. त्यासाठी १ ग्रॅम पावडर १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवावी आणि त्यातले १ मिलिलिटर, सुई काढलेल्या सिरिंजने मोजून, प्रत्येक १०० मिलिलिटर साखरपाण्यात घालावे. बोरिक पोटात जाणे धोक्याचे आहे, त्यामुळे बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ती स्वयंपाकघराबाहेर ठेवली. आईने तरीही ती बाटली आणखी एका पिशवीत बांधली.

१७ ऑगस्ट, रविवार

बोरिक घातल्याबरोबर फरक पडला, पण विचित्र रीतीने. जिथे परागाचा गठ्ठा पडला होता, तिथे बहुतेक कणांना नळ्या आल्या. जिथे कण एकेकटे विखुरलेले होते, तिथे जवळजवळ एकालाही नाही. मी समजलो की गठ्ठ्यात ओल जास्त टिकते, म्हणून एका स्टीलच्या डब्यात ओले फडके अंथरले, त्यावर आगकाड्या ठेवल्या आणि त्यांच्यावर स्लाइड ठेवून झाकण लावले. थेंब सुकणे थांबले, आणि हा डबा पुढेही कायम उपयोगी पडला. पण एकटे कण एकटेच राहिले. या चुकीच्या समजुतीत दोन संध्याकाळी गेल्या.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आज वीज नव्हती, त्यामुळे आरओ बंद. इमारतीच्या बोअरिंगचे पाणी घेऊन साखर आणि बोरिक तेच, तेवढेच घातले. एकट्या पडलेल्या कणांनाही नळ्या आल्या! आमच्या बोअरिंगचे पाणी इतके जड आहे की गिझरची कॉइल दर वर्षी पांढरी होते. नळाला नर्मदेचे जे पाणी जलूदहून येते, ते त्या मानाने पुष्कळ मऊ आहे.

काकूंना हे सांगितले तेव्हा त्या हसल्या. परागाच्या दाटीचा हा परिणाम जुनाच आहे. ब्रूबेकर आणि क्वाक या दोन शास्त्रज्ञांनी १९६३ साली दाखवून दिले की गर्दीतला पराग चांगला वाढतो, कारण कणांतून कॅल्शियम पाझरून भोवतालच्या पाण्यात साठते, आणि तेच बाहेरून पुरवले तर एकटा कणही तितकाच वाढतो. त्यांनी दिलेले द्रावण आजही सर्वत्र वापरतात : १० टक्के साखर, आणि भाग प्रतिदशलक्षमध्ये बोरिक ॲसिड १००, कॅल्शियम नायट्रेट ३००, मॅग्नेशियम सल्फेट २००, पोटॅशियम नायट्रेट १००. त्या ३००मध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम लिटरमागे जेमतेम ५० मिलिग्रॅम असते, आणि तेवढे जड बोअरिंगच्या पाण्यात सहज असू शकते. मी ज्या आरओच्या शुद्धतेवर विसंबलो होतो, त्याने नेमके तेच गाळून टाकले होते.

तरी बोअरिंगच्या पाण्यावर अवलंबून राहू नये, कारण त्यात काय किती आहे हे पावसागणिक बदलते. मी पाणी आरओचेच ठेवून क्षार मोजून घालायचे ठरवले.

२१ ऑगस्ट, गुरुवार

तिन्ही क्षार छावणीतल्या खतांच्या दुकानात मिळाले. पाण्यात विरघळणारे कॅल्शियम नायट्रेट ११० रुपये किलो, मॅग्नेशियम सल्फेट ८० रुपये किलो. आणि पोटॅशियम नायट्रेट हे नाव दुकानदाराला कळेना, ‘तेरा शून्य पंचेचाळीस’ म्हटल्यावर लगेच काढून दिले, १८० रुपये. मला सर्व मिळून दहा ग्रॅमही लागणार नव्हते आणि किलोच्या खाली कोणी देत नाही. उरलेले गच्चीवरच्या टोमॅटोंना जाईल. खताच्या कॅल्शियम नायट्रेटमध्ये थोडे अमोनियमही असते, पण तेरड्याने त्याबद्दल तक्रार केली नाही.

मूळ द्रावणे बनवताना पुन्हा एक चूक केली. बाटल्या कमी पडल्या म्हणून कॅल्शियम नायट्रेट (१०० मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम) आणि मॅग्नेशियम सल्फेट (२ ग्रॅम) ही दोन्ही दाट द्रावणे एकाच बाटलीत ओतली. थोड्याच वेळात सगळे दुधासारखे पांढरे झाले. कॅल्शियम आणि सल्फेट दाट अवस्थेत भेटले की त्यांचे जिप्सम होऊन खाली बसते. ठिबकवर खत सोडणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे माहीत असते. बोरिक आणि तीन क्षार यांच्या चार वेगळ्या बाटल्या ठेवाव्यात आणि प्रत्येकीतले १ मिलिलिटर थेट १०० मिलिलिटर साखरपाण्यात घालावे. तिथे ती इतकी पातळ होतात की काही बिघडत नाही.

रात्री साडेआठला थेंब लावला. टोपी सकाळपासून डब्यात ठेवलेली होती, त्यामुळे फार आशा नव्हती, तरी सहाव्या मिनिटाला पहिल्या कणाच्या एका कोपऱ्यावर काचेसारखा नितळ फुगवटा आला, आणि त्याची नळी झाली. दहाव्या मिनिटापर्यंत निम्म्याहून अधिक कणांना नळ्या होत्या, एकट्यांनाही. बहुतेकांनी चारांपैकी एकच दार वापरले. क्वचित एखाद्याच्या दोन कोपऱ्यांवर फुगवटे आले, पण त्यांतला एक थोड्या वेळाने थांबला आणि दुसराच पुढे गेला. मी आईला बोलावून दाखवले. तिने एक मिनिट पाहून विचारले, “हे एवढ्यासाठी खताची तीन पोती आणलीस?”

२३ ऑगस्ट, शनिवार

आज दोन गोष्टी दुरुस्त केल्या. पहिली, कव्हरस्लिप. तिच्याखाली नळ्या पंधरा-वीस मिनिटे जोरात वाढतात आणि मग मंदावतात, आणि मधल्या आधी थांबतात, काठाच्या नंतर. वाढणारा पराग श्वसन करतो आणि काचेखाली हवा पोचत नाही. खोलगट स्लाइड (३५ रुपयांची एक) घेऊन कव्हरस्लिपवरचा थेंब उलटा टांगला आणि कडेला व्हॅसलीनची पातळ रेघ ओढली. आता नळ्या तासाहून अधिक चालतात.

दुसरी, मोजमाप. फोनने दर दहा सेकंदांनी एक छायाचित्र घेऊन नळीची लांबी पिक्सेलमध्ये मोजतो. पट्टीवरच्या एका मिलिमीटरचे छायाचित्र त्याच भिंगाने घेतले की पिक्सेलचे मायक्रॉन होतात. माझे आकडे मात्र एका स्लाइडवर दुसऱ्याच्या दुप्पट येत होते, आणि मी त्याला तेरड्याचा लहरीपणा म्हणत होतो. खरे कारण असे की छायाचित्र घेताना बोटांनी झूम सरकत होता. दोन दिवसांची मोजणी फाडून टाकली. झूम एकदा ठरवून त्याला हात लावू नये आणि पट्टीचे छायाचित्र प्रत्येक बैठकीत नव्याने घ्यावे. सुधारलेल्या मोजणीत चांगल्या नळ्या मिनिटाला १२ मायक्रॉनच्या आसपास वाढत आहेत, म्हणजे पाच मिनिटांत केसाच्या जाडीएवढ्या.

२४ ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस या कामातला सर्वांत मोलाचा ठरला, म्हणून सविस्तर लिहितो.

४० पट भिंगाखाली नळीच्या आत पाहिले. आत दाणेदार पेशीद्रव्य सतत वाहत असते : कडेकडेने टोकाकडे जाते आणि मधून परत येते, उलट्या कारंज्यासारखे. अगदी टोकाशी मात्र एक स्वच्छ, दाणे नसलेली टोपी दिसते. मोठे दाणे तिथपर्यंत जाऊन मागे वळतात. त्या जागेत भिंतीचा माल घेऊन आलेल्या इतक्या बारीक पिशव्या दाटलेल्या असतात की माझ्या भिंगाला त्या वेगळ्या दिसत नाहीत. काकूंनी सांगितले की तेथे त्यांचे आवरण पेशीच्या पटलात मिसळते आणि आतला माल भिंतीत जातो, आणि नळी वाढते ती केवळ तेथेच. ते खरे आहे का हे पाहण्यासाठी मी नळीला चिकटलेल्या धुळीच्या दोन कणांवर नजर ठेवली. वीस मिनिटांत टोक पुष्कळ पुढे गेले, पण त्या दोन कणांमधले अंतर तसूभरही बदलले नाही. मागची भिंत ताणली जात नव्हती.

मग कव्हरस्लिप उचलून वाढत्या नळ्यांच्या थेंबाच्या कडेला शुद्ध पाण्याचा एक थेंब जोडला. पाणी पोचताच नळ्या फुटू लागल्या. एक नळी डोळ्यांसमोर फुटताना पाहिली : आतले वाहणे क्षणभर थबकले, टोक किंचित फुगले, आणि त्याच्या अग्रभागातून आतला सगळा ऐवज पिचकारीसारखा बाहेर आला, नळीची मागची भिंत मात्र जशीच्या तशी उभी राहिली. मोजलेल्या ४० नळ्यांपैकी ३३ फुटल्या आणि त्या सर्व टोकाशीच. बाजूने एकही नाही. लिलीच्या परागनलिकेतला दाब प्रत्यक्ष मोजलेला आहे आणि तो ०.१ ते ०.४ मेगापास्कल भरतो. स्कूटरच्या चाकात साधारण ०.२ असतो. आतला दाब सगळ्या दिशांना सारखाच ढकलतो, मग नळी चेंडूसारखी गोल का होत नाही, याचे उत्तर त्या फुटण्याच्या जागेतच आहे.

टोकाची भिंत मुख्यतः पेक्टिनची असते, म्हणजे पेरूची जेली ज्याने धरते त्याच द्रव्याची. ताजे पेक्टिन मऊ असते. नंतर भिंतीतले एक विकर (एन्झाइम) त्याच्यावरचे मिथिल गट काढून टाकते, मोकळ्या झालेल्या जागांना कॅल्शियम येऊन बांधते, आणि बोरॉनही पेक्टिनच्या साखळ्यांना आपसांत सांधते. त्यामुळे टोकाच्या थोडेसे मागे गेले की भिंत टणक होते आणि दाबाला वाट फक्त पुढे मिळते. गेल्या तीन आठवड्यांत माझे जे जे बिघडले, ते या हिशेबात नीट बसते. साखर कमी पडली तेव्हा दाब भिंतीला भारी झाला. बोरॉन आणि कॅल्शियम कमी पडले तेव्हा भिंतच उभी राहिली नाही.

उलट दिशेनेही करून पाहिले. २५ टक्के साखरेचा थेंब जोडला तर वाढ लगेच थांबली आणि काही नळ्यांत आतला रस टोकाच्या भिंतीपासून मागे सरकला, मध्ये रिकामी जागा राहिली. पुन्हा १० टक्क्यांवर आणल्यावर थोड्याच नळ्या सावरल्या.

२७ ऑगस्ट, बुधवार, गणेश चतुर्थी

दोन दिवसांपूर्वी बनवलेले साखरपाणी बाहेरच राहिले होते आणि आज ते गढूळ निघाले. फेकण्यापूर्वी एक थेंब पाहिला तर त्यात लंबगोल पेशी होत्या आणि अनेकींच्या अंगावर एकेक लहान कळी. यीस्ट! नुकसान दोन रुपयांच्या साखरेचे, पण पाहायला मिळाले ते याच कामाचे दुसरे रूप, कारण यीस्टलाही कळी काढण्यासाठी आपल्या पृष्ठभागावरची एकच जागा निवडावी लागते. तिथे जागा ठरवण्यात ‘सीडीसी४२’ नावाचे प्रथिन एका ठिकाणी गोळा होते. ते निकामी झालेली यीस्ट पेशी कळी काढू शकत नाही, नुसती गोल आणि मोठी होत राहते. परागनलिकेच्या टोकाशी गोळा होणारी ‘रॉप’ प्रथिने त्याच घराण्यातली आहेत. हे माझ्या सूक्ष्मदर्शकाला दिसण्यासारखे नाही, म्हणून येथेच सोडतो. साखरपाणी रोज ताजे करावे. मुंग्यांपासूनही सांभाळावे लागते.

१ सप्टेंबर, सोमवार

घरी महालक्ष्म्यांचे पूजन. सकाळी फुले काढताना तेरड्याच्या चार टोप्या बाजूला ठेवल्या आणि अकरा वाजता थेंब लावला. नळ्या छान निघाल्या होत्या तेवढ्यात आईने हाक मारली, “आरतीला ये, आणि तो डबा आधी तिथून उचल.” मी घाईत स्लाइडचा डबा, झाकण टेपने बंद करून, फ्रीजमध्ये सोळा भाज्यांच्या पातेल्यांमागे सरकवला. चाळीस मिनिटांनी काढला तेव्हा आतले वाहणे पूर्ण थांबलेले होते. स्लाइड मेली असे समजून ती टेबलावर तशीच टाकली आणि जेवायला बसलो.

पुरणपोळी झाल्यावर, दीड तासाने, सहज डोळा लावला. कित्येक नळ्या पुन्हा वाढल्या होत्या, आणि त्या जिथे थांबल्या होत्या तिथे प्रत्येकीवर एक फुगीर गाठ होती. काहींत गाठीच्या समोरून नळी सरळ पुढे गेलेली, काहींत गाठीच्या बाजूने तिरकी निघालेली, जणू थांबल्यानंतर पुढे कोणते ते पुन्हा नव्याने ठरवावे लागले. छायाचित्रे घेतली, पण थांबण्यापूर्वीची छायाचित्रे नसल्यामुळे हा प्रयोग धरता येत नाही. आईने बोरिकचा डबा फ्रीजमध्ये गेल्याचे ओळखले आणि त्याबद्दल जे सांगितले ते योग्यच होते. आता एका ओळखीच्या दुकानातली थर्माकोलची लहान पेटी आणि बर्फ वापरतो.

७ सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशीच्या झांक्या पाहून पहाटे परतलो, तरी आज एक प्रयत्न केला आणि तो फसला. नळ्यांना दिशा दाखवता येते का हे पाहण्यासाठी तेरड्याच्या स्त्रीकेसराचा तुकडा आणि कोवळ्या अंडाशयाचा काप थेंबात ठेवला. टोरेनिया नावाच्या बागेतल्या फुलात बीजांडातून स्रवणारी लहान प्रथिने परागनलिकेला आपल्याकडे वळवतात, हे जपानी संशोधकांनी २००९ साली दाखवले आहे, आणि ते फूल मुद्दाम निवडले होते, कारण त्याच्या बीजांडात मादी पेशींचा कोश बाहेर डोकावतो. तेरड्यात ते झाकलेले असते. माझ्या नळ्या सर्व दिशांनी गेल्या. तीन स्लाइड, पाच तास, निष्कर्ष काही नाही. ज्यांना हे करायचे असेल त्यांनी टोरेनियाचे रोप शोधावे.

काकूंना हे सांगायला गेलो तेव्हा त्या भुट्ट्याचा कीस करत होत्या. किसणी थांबवून त्यांनी कणसाची शेंडी हातात दिली. त्या शेंडीचा प्रत्येक केस एकेका दाण्यापर्यंत जातो, आणि जो दाणा भरला त्याच्या केसातून एक परागनलिका वीतभर खाली उतरलेली असते. माझ्या नळ्या दीड मिलिमीटरला थकतात.

१४ सप्टेंबर, रविवार

फ्रीजमध्ये अपघाताने घडलेले आज रीतसर केले. स्लाइडवर पेनने खूण करून एकाच जागेतल्या २२ नळ्यांची छायाचित्रे आधी घेतली, मग डबा बर्फावर २० मिनिटे, मग खोलीच्या तापमानाला, आणि दर मिनिटाला छायाचित्र. बर्फावरून काढल्यावर चौथ्या मिनिटाला वाहणे सुरू झाले, पण ते सुरुवातीला विस्कळीत होते : दाणे थेट टोकापर्यंत जात होते आणि स्वच्छ टोपी नव्हती. या काळात टोक पुढे न जाता आडवे फुगले. अकराव्या मिनिटाच्या सुमारास फुगवट्याच्या एका जागी टोपी पुन्हा दिसू लागली, आणि नळी त्या जागेतून निघाली, आधीच्याच जाडीची. २२ पैकी १४ नळ्या पुन्हा वाढल्या, त्यांतल्या ९ जवळजवळ सरळ आणि ५ तिरक्या. टोपी जिथे दिसली तिथूनच नळी निघाली, याला चौदांत अपवाद नाही.

त्यांतली एक नळी मी दुपारी पुन्हा बर्फावर ठेवली आणि संध्याकाळी, थेंब सुकण्यापूर्वी, तिसऱ्यांदा. या वेळी वाहणे सुरू व्हायला नऊ मिनिटे लागली आणि ती जेमतेम ४० मायक्रॉन वाढली. तिच्या अंगावर आता तीन गाठी आहेत. पहिली कणापासून ०.३१ मिलिमीटरवर, दुसरी ०.७४ वर, आणि तिसरी दुसरीला जवळजवळ चिकटून, जिथून नळी डावीकडे वळली आहे. काचेच्या कडेला नेलपॉलिश लावून ही स्लाइड ठेवली असून तिच्यावर तारीख आणि तिन्ही वेळा लिहिल्या आहेत : ११.२०, २.०५, ५.४०.